डिप्लोमावर नोकरी मिळते, पुढचं काय?

दहावीनंतर मुलाला पॉलिटेक्निकला घालताना घरात एक हिशेब मांडला जातो: तीन वर्षांत पोरगा कमावता होईल. हा हिशेब सहसा चुकत नाही. कुरबुर सुरू होते ती नोकरीला सात-आठ वर्षं झाल्यावर. मागून आलेला डिग्रीवाला वरच्या खुर्चीत बसतो, आणि लाइन चालवणारा, माणसं सांभाळणारा डिप्लोमावाला ‘सीनियर’ हा शब्द पदनामाला चिकटवून तिथेच राहतो. मग डिप्लोमाला काही किंमतच नाही, असं सरसकट बोललं जातं. ते बरोबर नाही. कागद एकच असला तरी भरतीचे नियम, बढतीचे नियम, परवान्यांचे नियम आणि परदेशातले नियम त्याला वेगवेगळं मोजतात. त्यातला बढतीचा भाग सगळ्यात अवघड आहे आणि त्याची चौकशी सगळ्यात कमी लोक करतात.

हा कागद नेमका कुठला

महाराष्ट्रात बहुतेक पॉलिटेक्निक्सचा डिप्लोमा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ देतं. १९९७च्या कायद्यानं हे स्वायत्त मंडळ झालं. पुणे, मुंबईसारखी काही शासकीय तंत्रनिकेतनं स्वतः स्वायत्त आहेत, तिथे परीक्षा आणि अभ्यासक्रम संस्थेचा असतो. दहावीनंतर तीन वर्षं, सहा सत्रं. आयटीआय किंवा बारावी विज्ञान करून आलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.

प्रवेश घेताना एकच गोष्ट तपासावी: संस्थेला आणि त्या शाखेला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची मान्यता आहे का. एखाद्या खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा ‘डिप्लोमा इन सिव्हिल’ आणि हा डिप्लोमा यांचं नाव सारखं दिसतं, पण सरकारी छाननीत पहिला टिकत नाही.

कंपनीतली पहिली नोकरी

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी या पट्ट्यांत मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाइलच्या डिप्लोमावाल्यांना काम मिळायला फार वेळ लागत नाही. कारणही साधं आहे. उत्पादन, मेंटेनन्स, क्वालिटी, टूल रूम इथे साहेब आणि ऑपरेटर यांच्यामधला माणूस लागतो. ड्रॉइंग वाचणारा, मशीनजवळ उभा राहणारा, रात्रपाळीला नाक न मुरडणारा. कंपन्या डिप्लोमावाल्याला डीईटी म्हणजे डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी म्हणून घेतात, डिग्रीवाल्याला जीईटी म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून. दोघांची पाळी एक असते, पण पगार आणि पुढची ग्रेड वेगळी.

मुलाखतीत काय पाहतात याचा एक नमुना. टेबलावर व्हर्नियर, शेजारी एक टर्निंग केलेला जॉब आणि त्याचं ड्रॉइंग. ‘बोअर मोज.’ निम्मी मुलं बाहेरचे जबडे उघडतात, आतला व्यास आतल्या जबड्यांनी घ्यायचा असतो हे पाठ असूनही. ज्यानं बरोबर मोजलं त्याला पुढचा प्रश्न: ड्रॉइंगवर २५ एच ७ लिहिलंय, मग जॉब पास की रिजेक्ट? इथे खरी गोम आहे. २५ मिमीच्या बोअरला एच ७ म्हणजे शून्य ते अधिक ०.०२१ मिमी एवढीच सूट, आणि हातातल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिमी. या साधनानं तो निर्णय देताच येत नाही. ‘सर, प्लग गेज किंवा बोअर गेज द्या,’ असं म्हणणारा मुलगा निवडला जातो, मग त्याचे टक्के पासष्ट असोत की पंच्याऐंशी.

सिव्हिलवाल्यांची परीक्षा साइटवर होते. बारा मिमीच्या सळईचं वजन मीटरला किती? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो. बारा मीटरचा एक नग पावणेअकरा किलोच्या आसपास भरला पाहिजे. स्टीलची गाडी आल्यावर हे गणित तोंडी करता आलं की कंत्राटदार माणसाला सोडत नाही. लेव्हल लावणं, लेव्हल बुक भरणं, बार बेंडिंग शेड्यूल काढणं, सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबचा हिशेब ठेवणं, हे ज्याला येतं त्याला गावोगाव काम आहे.

पण पहिली नोकरी मिळाली म्हणजे ती कंपनीची मिळाली असं नव्हे. गेटवर कंपनीचं नाव आणि पगाराच्या स्लिपवर मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं, हे चित्र औद्योगिक वसाहतीत सर्रास दिसतं. म्हणून पत्र हातात आल्यावर तीन ओळी वाचाव्यात: आपण कोणाच्या रोलवर, किती मुदतीवर, आणि मुदत संपल्यावर काय. ‘ट्रेनी’ या नावाखाली दोन-तीन वर्षं काढून दुसऱ्या कंपनीत पुन्हा ट्रेनी म्हणूनच लागणारी मुलं कमी नाहीत, आणि दर वेळी त्यांचा अनुभव शून्यावरून मोजला जातो.

अप्रेंटिसशिप: कमी पैसे, पण पक्का कागद

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीनं त्यात पदवी आणि पदविकाधारक आले. पश्चिम विभागाचं काम मुंबईतलं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ म्हणजे ‘बोट’ पाहतं आणि नोंदणी नॅट्स पोर्टलवर होते. मुदत एक वर्ष. २०१९च्या नियमांनी किमान विद्यावेतन पदविकाधारकाला महिना ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरवलं, आणि किमान रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याचं बंधन आहे, पण वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन नाही.

आठ हजारांत चाकणला खोली आणि मेस भागत नाही, हे खरंच आहे. तरीही एजन्सीच्या ट्रेनीपेक्षा मला हे वर्ष बरं वाटतं. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र कायद्याखालचं असतं, ते कुठेही दाखवता येतं आणि कोणी ‘हा अनुभव कसला?’ असं विचारत नाही.

सरकारी जागा: जाहिरातीतली पात्रतेची ओळ

डिप्लोमाची खरी मान्यता सरकारी भरतीत दिसते. ‘कनिष्ठ अभियंता’ हे पदच मुळात या पात्रतेभोवती उभं आहे. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभागांत, जिल्हा परिषदांत स्थापत्य पदविकेवर ही जागा मिळते. राज्यातली तिची वेतनश्रेणी एस-१४, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८०० रुपये मूळ वेतन. त्याखाली स्थापत्य अभियांत्रिकी सहायक, एस-८. मुंबई महापालिकेत कनिष्ठ अभियंता पदविकेवर आणि दुय्यम अभियंता पदवीवर, अशी सरळ विभागणी आहे. महावितरणमध्ये पदविकाधर शिकाऊ अभियंता आणि पदवीधर शिकाऊ अभियंता अशा दोन वेगळ्या जागा निघतात.

केंद्राकडे कर्मचारी निवड आयोगाची जेई परीक्षा आणि रेल्वेची जेई भरती. दोन्हींत वेतन स्तर ६, सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४००. तारापूरला अणुवीज महामंडळ, तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र पदविकाधारकांना स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून घेतात आणि प्रशिक्षणानंतर सायंटिफिक असिस्टंट करतात. इस्रोचा टेक्निकल असिस्टंट प्रथम श्रेणीतल्या डिप्लोमावर होतो आणि त्याचा स्तर ७ आहे, जेईपेक्षा एक पायरी वर. तटरक्षक दलात ‘यांत्रिक’ हे पद याच पात्रतेचं. गंमत अशी, की पॉलिटेक्निकच्या कट्ट्यावर पीडब्ल्यूडीची चर्चा रोज होते आणि या शेवटच्या तीन जागा कित्येकांना माहीतही नसतात.

जाहिरात वाचताना पदाच्या नावावर जाऊ नये. कर्मचारी निवड आयोगाच्या एकाच जेई परीक्षेत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाला नुसता डिप्लोमा चालतो. सीमा रस्ते संघटना आणि मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस मात्र डिप्लोमासोबत दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि डिग्रीवाल्याला तो लागत नाही. अनुभव कुठल्या कामाचा आणि कुठल्या तारखेला मोजायचा हेही त्याच ओळीत असतं. पगाराची स्लिप, नेमणुकीचं पत्र, पीएफचा उतारा हे पहिल्या नोकरीपासून जपून ठेवायचं ते यासाठी.

यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा, एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा आणि गेट यांना डिप्लोमा पुरत नाही. राज्यसेवेलाही पदवी लागते, पण ती अभियांत्रिकीचीच हवी असं नाही. त्यामुळे नोकरी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणारे आणि राज्यसेवेला बसणारे डिप्लोमावाले पुष्कळ आहेत.

त्याच रांगेत डिग्रीवाले

जेईच्या जागेसाठी अभियांत्रिकी पदवीधर अर्ज करतात, आणि परीक्षेत पुढेही निघतात. ‘आमच्या पात्रतेची जागा, त्यात हे कशाला?’ हा राग समजण्यासारखा आहे. हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातल्या कनिष्ठ अभियंत्यांच्या भरतीवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१च्या पुनीत शर्मा निकालात न्यायालयानं पदवीधरांना पात्र ठरवलं. पण त्यामागचा आधार नीट पाहायला हवा. मंडळाच्या बढतीच्या नियमांत पदवीधर कनिष्ठ अभियंत्यांसाठी स्वतंत्र वाटा होता, म्हणजे या पदावर पदवीधर असतील हे नियमांनीच गृहीत धरलं होतं. म्हणून हा निकाल सगळ्या राज्यांतल्या सगळ्या भरतींना आपोआप लागू होतो, असं कोचिंग क्लासमध्ये सांगतात ते जरा जास्तच आहे. ज्या त्या विभागाचे सेवाप्रवेश नियम काय म्हणतात, त्यावर ठरतं.

बढती: अन्याय की वर्गीकरण?

खरा सल इथे आहे. एकाच कार्यालयात, एकाच पदावर, एकाच रस्त्याचं मोजमाप घेणाऱ्या दोघांपैकी एकाला पुढचं पद लवकर मिळतं, दुसऱ्याला उशिरा किंवा कधीच नाही. संविधानातली समान संधी इथे मोडत नाही का?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली ऐकला. जम्मू-काश्मीरच्या अभियांत्रिकी सेवेत नवा नियम आला: सहायक अभियंत्यांमधून कार्यकारी अभियंता होईल तो पदवीधरच. पदविकाधारक सहायक अभियंत्यांनी आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं बिनतोड वाटावं असं होतं. सहायक अभियंता म्हणून आम्ही एकाच संवर्गात आलो, काम एकच करतो, मग पुन्हा वेगळं कशासाठी काढता? उच्च न्यायालयात ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे हरले. त्रिलोकीनाथ खोसा या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या निकालाचं मुख्य निकालपत्र न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचं. वरच्या पदासाठी शिक्षणाच्या पात्रतेवरून वर्ग पाडणं हे कार्यक्षमतेच्या हेतूशी जोडलेलं आहे, म्हणून ते समानतेविरुद्ध नाही, असा त्याचा गाभा. न्या. कृष्ण अय्यर निकालाशी सहमत झाले, पण स्वतंत्र लिहून त्यांनी बजावलं की असे वर्ग पाडत सुटलं तर समानताच उरणार नाही.

पुढे १९८८ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या रूपचंद अदलखा प्रकरणात याच विचारानं आणखी एक गोष्ट मान्य झाली: बढतीसाठी पदवीधराला कमी वर्षांचा आणि पदविकाधारकाला जास्त वर्षांचा अनुभव मागता येतो. आज देशभर दिसणारे ‘इतका कोटा पदवीधरांना, इतका पदविकाधारकांना’ असे बढतीचे नियम या दोन निकालांच्या आधारानं उभे आहेत. म्हणून संघटनांच्या निवेदनांत ‘हा नियम घटनाबाह्य आहे’ असं वाक्य आलं की ते कोर्टात तग धरेल असं समजू नये. झगडा करायचा तर कोट्याच्या प्रमाणावर आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीवर, जिथे सरकार ऐकू शकतं.

महाराष्ट्रात पदविकेवर लागलेला कनिष्ठ अभियंता पाच वर्षांच्या सेवेनंतर शाखा अभियंता होतो. एमपीएससीतून आलेला पदवीधर सहायक अभियंता श्रेणी-२ म्हणून सुरुवात करतो. उपविभागाच्या प्रमुखपदासाठी दोघांच्या वाटा एकत्र येतात, आणि कोणाचा वाटा किती, ज्येष्ठता कुठल्या तारखेपासून, यावर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे ‘मॅट’पासून उच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षं खटले चालतात. नोकरीत असताना डिग्री पूर्ण केली तर कुठल्या तारखेपासून पदवीधरांच्या यादीत नाव जाईल, हा यातला उपप्रश्न. फॉर्म भरण्याआधीच आस्थापना शाखेत जाऊन तो विचारून घ्यावा. शिक्षणासाठी विभागाची लेखी परवानगी घेतली नसेल तर पदवी हातात असून सेवापुस्तकात नोंद होत नाही, आणि मग धावाधाव होते.

खासगी कंपनीत असा लेखी नियम क्वचित सापडतो. तिथे ‘ग्रेड’ असते. डिप्लोमावाल्यासाठी वरची ग्रेड कुठवर खुली आहे, हे एचआर सांगत नाही. मात्र त्याच प्लांटमध्ये डिप्लोमावर लागून मॅनेजर झालेला एखादा तरी माणूस आहे का, हे चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत कळतं.

डिग्री करावी, तर कुठल्या वाटेनं

सगळ्यांत रुळलेली वाट थेट द्वितीय वर्षाची. त्याला सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. मंजूर जागांच्या दहा टक्के जागा अधिक पहिल्या वर्षातल्या रिकाम्या जागा, असा हिशेब असल्यानं चांगल्या कॉलेजात चुरस मोठी. डिप्लोमावाल्यांना प्रॅक्टिकल सोपं जातं आणि तिसऱ्या सत्राचं गणित अंगावर येतं. आधीच्या उन्हाळ्यात अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस काढून बसलं तर बॅकलॉग टळतो.

नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी एआयसीटीईनं २०२३-२४पासून नोकरदारांसाठी वेगळे वर्ग मान्य केले. कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव आणि कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत नोकरी, या अटींवर डिप्लोमाधारक संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळी बी.ई.-बी.टेक. करू शकतो. शिफ्टवाल्यांनी आठवड्याच्या पाळ्या आणि वेळापत्रक शेजारी ठेवून मगच पैसे भरावेत.

दोन वाटांबद्दल सावध राहावं. पहिली एएमआयई. कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ही परीक्षा देऊन एका अख्ख्या पिढीनं पदवीची बरोबरी मिळवली. संस्था १९२०ची, प्रतिष्ठा मोठी. पण ३१ मे २०१३पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच सरकारी नोकरीसाठीची ती समकक्षता राहिली. काकांनी एएमआयईवर बढती घेतली म्हणून पुतण्यालाही मिळेल, असं नाही. दुसरी वाट पत्राद्वारे किंवा ‘घरबसल्या बी.टेक.’ची. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एआयसीटीईच्या मान्यतेशिवाय दिलेल्या अभियांत्रिकीच्या दूरस्थ पदव्यांना चाप लावला आणि अशा पदव्यांवर घेतलेल्या बढत्याही अडचणीत आल्या. तरी बसच्या मागच्या काचेवर ‘एका वर्षात डिग्री’ची पत्रकं अजून चिकटवलेली दिसतात.

परवाने: डिग्रीशिवाय मिळणारी मान्यता

वकिलांना १९६१चा आणि वास्तुविशारदांना १९७२चा कायदा आहे. अभियंत्यांच्या व्यवसायाचं नियमन करणारा तसा केंद्रीय कायदा नाही. नावापुढे ‘इंजि.’ लावायला म्हणूनच कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्यामुळेच नुसतं ते लावून काही हाती येत नाही. अधिकार मिळतो तो परवान्यातून, आणि इथे डिप्लोमावाल्याला जागा आहे.

इलेक्ट्रिकलवाल्याला विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना मिळवता येतो, आणि तो असला की कंत्राटदारांकडे मागणी वाढते. अनुभवाची अट पूर्ण केलेला मेकॅनिकलवाला बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देऊ शकतो. साखर कारखान्यांच्या मुलखात ही परीक्षा पास झालेल्या माणसाला गळीत हंगामाआधी फोन येतात. काही वर्षं पर्यवेक्षकाचं काम केलेल्यांना तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा प्रगत पदविका अभ्यासक्रम करून सुरक्षा अधिकारी होता येतं. राज्याच्या २०२०च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत अनुभवी स्थापत्य पदविकाधारकाला ‘पर्यवेक्षक’ म्हणून परवाना आहे. मर्यादित क्षेत्राच्या भूखंडांपर्यंत तो स्वतःच्या सहीनं बांधकाम परवानगीचे नकाशे दाखल करू शकतो. तालुक्याच्या गावात घरं बांधली जातात ती बहुतांशी अशाच लहान भूखंडांवर. डिग्रीमागे तीन वर्षं घालवण्यापेक्षा यातला एखादा परवाना बऱ्याच जणांना जास्त कामाला येईल, असं माझं मत आहे.

देशाबाहेर

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, याची जाहिरात कॉलेजं खूप करतात. तो करार चार वर्षांच्या पदवीपुरता आहे, तोही मूल्यांकन झालेल्या अभ्यासक्रमांपुरता. तंत्रज्ञ पातळीसाठी २००२चा डब्लिन करार वेगळा आहे, आणि पदवीच्या कराराचा फायदा डिप्लोमाला मिळत नाही.

आखातात मराठी डिप्लोमावाल्यांचा वावर जुना आहे, तेल-वायूच्या प्रकल्पांवर, पाइपिंगमध्ये, क्वालिटीत. सौदी अरेबियात तांत्रिक पदांसाठी तिथल्या कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडे नोंदणी करावी लागते आणि डिप्लोमाधारकाची नोंद तंत्रज्ञ या वर्गात होते. एजंटच्या ऑफर लेटरवर मात्र ‘साइट इंजिनिअर’ लिहिलेलं असतं. नोंदणीतला वर्ग आणि पत्रावरचं पदनाम जुळलं नाही तर प्रश्न उभा राहतो तो तिथे उतरल्यावर. म्हणून व्हिसावर व्यवसाय कोणता लिहिला जाणार, हे मूळ प्रमाणपत्रं साक्षांकनाला देण्याआधी एजंटकडून लेखी घ्यावं. तो फोनवरच सांगत राहिला तर पैसे भरू नयेत.